दमाच्या पैजेचे घड्याळ

महागाव, १२ ऑक्टोबर १९५८

मामूजान, सलाम.

अम्मा, अनवरी आणि मी खुशाल आहोत. पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे की टपालात पडण्यापूर्वी ते आमच्या गावचे जमीनदार वामनराव वाचणार आहेत. ते आत्ता माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या बाकावरच बसले आहेत.

तुम्ही मुंबईत मोठ्या दुकानात घड्याळे दुरुस्त करता, म्हणून हे काम तुम्हाला सांगतो. वामनरावांना उंची मनगटी क्रोनोग्राफ हवा आहे. बटण दाबले की मोठा काटा निघतो, पुन्हा दाबले की थांबतो आणि सेकंदाचा पाचवा भागसुद्धा दाखवतो, तसा. अट एकच. तो पाण्यात टिकला पाहिजे.

कारण सांगतो. पैनगंगेच्या डोहावर दोन्ही काठांना भोई राहतात. अलीकडचे वामनरावांच्या आश्रयाने आहेत, पलीकडचे स्वतंत्र. उन्हाळ्यात नदी आटली की मधल्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबुजांच्या वाड्या, कोणी लावायच्या हे करीच्या दिवशी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ठरते. प्रत्येक काठाचा एक माणूस दोराला बांधलेला दगड धरून डोहाच्या तळाशी बसतो. आधी एक, मग दुसरा. ज्याचा दम जास्त, त्याच्या काठाला वाळू. डोके वर दिसले म्हणजे दम सुटला असे धरत नाहीत, कारण पूर्वी लोक लव्हाळ्यात नाक काढून श्वास घेत. दगड सुटून दोर सैल झाला की दम सुटला. दोर पंचाच्या हाती असतो आणि पंच छातीभर पाण्यात उभा असतो. पंच मी आहे. मी भोई नाही, कुठल्या काठाचा नाही आणि मला घड्याळ कळते, म्हणून दोन्ही काठांनी मला मानले.

गेल्या वर्षी वामनरावांच्या खिशातल्या घड्याळावर वेळ घेतली. त्यावरून थोडी मारामारी झाली. तहसीलदारांनी बजावले आहे की यंदा पाण्यात चालणारे खात्रीचे घड्याळ नसेल तर पैज नाही.

वामनराव म्हणतात, "लिही, कय्युम. घड्याळ असं पायजे का माणूस बुडला तरी ते चाललं पायजे. किमतीचं मी पाह्यतो म्हना."

तुमचा भाचा,
कय्युम


मुंबई, २४ ऑक्टोबर १९५८

बेटा कय्युम, दुआ.

तुझे अक्षर पाहून आनंद झाला. सातवीत शाळा सुटली, पण वेलांटी चुकत नाही. जोहराबीला सांग, तिचा भाऊ दोन वेळ जेवतो.

तीन घड्याळे माझ्या नजरेत आहेत. पहिले सोन्याचे. दिसायला नवरदेव, पण झाकण दाबून बसवायचे; पाण्यात गेले की मढे. दुसरे खास पाणबुड्यांचे. त्याला पाणी काही करत नाही, पण सुरू-बंद करायचे बटण नाही. काचेभोवती फिरणारे कडे आहे, ते फक्त मिनिटे सांगते. दोन माणसांत दोन सेकंदांचा फरक पडला तर ते मुके. तिसरे पोलादी, स्वित्झर्लंडचे, एका विलायतेला परतणाऱ्या साहेबाचे. झाकण आट्यांचे, आत रबरी वॉशर, बटणे गोल. तेच घ्यावे.

पण नीट वाच. ते पाण्यात टिकते ते बटणांना हात न लावता. पाण्याखाली बटण दाबलेस तर ते पिचकारीसारखे पाणी आत ओढील. दोर हातात धरू नकोस, कमरेला बांध, आणि बटण दाबताना दोन्ही हात पाण्यावर ठेव.

आणखी एक. तू लिहिलेस, थोडी मारामारी झाली. थोडी म्हणजे किती?

अब्दुल गनी


महागाव, २ नोव्हेंबर १९५८

मामूजान, सलाम.

तिसरे घड्याळ वामनरावांना पसंत आहे. दोर कमरेला बांधण्यास दोन्ही काठ तयार आहेत. मी तो बांधून नदीत उभा राहून पाहिले. दगड सुटल्याचे कमरेला हातापेक्षा लवकर कळते.

काही शंका आहेत. काच दगड लागल्यावर फुटेल काय? फुटलीच तर तिचे तुकडे काट्यांत अडकतील काय? मनगटावर लाठी बसली तर पोलादी डबी वाकेल की आतली केसासारखी बालकमान आधी तुटेल? आणि चामड्याचा पट्टा हिसक्याने तुटतो, म्हणून पोलादी पट्टा मिळेल काय?

विचारण्याचे कारण, इकडे दिवस बरे नाहीत. आपल्या काठाचा दम धरणारा फकिरा. मागच्या आठवड्यात त्याची सगळी जाळी कोणीतरी विळ्याने कापली आणि त्याचे कुत्रे त्याच्याच दारच्या बाभळीला टांगले. दुसऱ्या दिवशी वामनरावांचा गडी खेमसिंग चार जणांना घेऊन नदीपार गेला. त्यांनी एक नाव फोडली आणि नाववाल्याच्या दोन्ही नडग्या वल्ह्याने मोडल्या. तो माणूस ओरडत होता ते या काठावर ऐकू येत होते. खेमसिंग माझ्या दुकानात बसून हे सांगत होता. मी भिंग डोळ्याला लावून होतो. तो म्हणाला, "काहून रे कय्युम, भिंग काहून काढत नाही तू? तुले कोन हात लावते? तू त आमचा पंच हाय."

मी म्हणालो, पंच दोन्ही काठांचा असतो. त्यावर तो खूप हसला.

तुमचा भाचा,
कय्युम


मुंबई, १५ नोव्हेंबर १९५८

बेटा कय्युम,

मी विचारले, मारामारी किती झाली. तू विचारलेस, काच किती टिकते. आधी तुझे उत्तर देतो, मग तू माझे दे.

काच काचेची नाही, प्लास्टिकची आहे. तिच्यावर ओरखडा पडतो, ती फुटत नाही. पोलादी डबी लाठी सोसते. मनगट सोसत नाही. पोलादी पट्टा मिळेल.

आता माझे. तुझा दोस्त, नेरचा रौशन, मोटारींचे सामान घ्यायला मुंबईत आला होता, तो माझ्याकडे जेवला. त्याने सांगितले की त्या पैजेत एक माणूस मेला, आणि त्या दिवसापासून तू कोणाच्या लग्नाला जात नाहीस, अन्न चिवडतोस, आणि दुकानातली सगळी घड्याळे दिवसातून चार वेळा एकमेकांशी ताडून पाहतोस. हे माझ्या बहिणीने मला का कळवले नाही?

पुढचे पत्र वामनरावांना दाखवू नकोस. पुसदला जाऊन टाक.

अब्दुल गनी


पुसद, २५ नोव्हेंबर १९५८

मामूजान,

हे पत्र मी मोटारीने पुसदला येऊन, पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहीत आहे.

मेला त्याचे नाव रामलाल. पलीकडच्या काठाचा. गेल्या वर्षी आधी फकिरा बसला. त्याची वेळ मी नीट घेतली, एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. मग रामलाल बसला. माझा पाय शेवाळावरून घसरला आणि घड्याळ धरलेला हात पाण्यात गेला. दोर सैल झाला तेव्हा मी घड्याळ पाहिले तर सेकंदकाटा उभा होता. तो कधी थांबला ते मला माहीत नव्हते. काठावरून वामनराव ओरडत होते, "किती? कय्युम, किती?" मी म्हणालो, एक मिनिट पन्नास.

मामूजान, तो अंदाज होता. खरे तर अंदाजही नव्हता. ज्या काठावर माझे घर आहे त्या काठाची ती भीती होती.

रामलाल पोहत आला आणि त्याने माझा सदरा धरला. म्हणाला, "मी जास्त बसलो. मला माझा दम कळतो." तेवढ्यात खेमसिंग आणि इतर पाण्यात शिरले. रामलालने मला सोडले नाही. नाव रेटायचा बांबू त्याच्या डोक्यावर बसला, मग आणखी एकदा. त्याचे तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होते. डोक्यातून आले ते माझ्या ओठांवर पडले. तो खाली गेला तरी सदऱ्यातली मूठ सुटली नव्हती. ती खेमसिंगने सोडवली. फौजदार आले तेव्हा सगळ्यांनी सांगितले, रामलाल हरला आणि पंचावर धावून गेला. मी काहीच बोललो नाही.

मागच्या बाजारच्या दिवशी त्याची बायको रुक्माबाई दुकानात आली. मला वाटले शिव्या देईल. ती बाकावर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "भाऊ, घड्याळात तो हरलाच होता ना? आमच्याकडं समदे म्हणतात, रामलाल खोटा बोलला आन् खोट्यापायी मेला. त्याचा भाऊ भावसिंग त्याचं नावबी घेत नाही. तुम्ही सांगा, म्हणजे मीबी त्याचं नाव टाकते."

मी म्हणालो, होय, हरला होता.

ती म्हणाली, "बरं झालं, इचारलं."

यंदा पलीकडून भावसिंग बसणार आहे. मला असे घड्याळ हवे आहे की जे माझ्या हातात असताना मला काहीच ठरवावे लागणार नाही.

कय्युम


मुंबई, २० डिसेंबर १९५८

बेटा कय्युम,

घड्याळ रौशनच्या हाती पाठवत आहे. मी स्वतः उघडून, पुसून, बंद केले आहे. साहेबाने ते जपून वापरलेले दिसते.

एक काम नेमके मी सांगतो तसेच कर. ते एकटा पाण्यात घालू नकोस. वामनराव आणि दोन्ही काठांचे वडीलधारे बोलाव, घंगाळात पाणी भर आणि सगळ्यांच्या देखत बुडव. काही बिघाड निघाला तर सरळ माझ्यावर ढकल. म्हण, मामूने फसवले, असे घड्याळ मुंबईतही मिळत नाही. तहसीलदार काय म्हणाले ते तूच लिहिले आहेस.

जे झाले ते कोणाजवळ बोलू नकोस. मेलेला माणूस तुझ्या बोलण्याने उठत नाही, जिवंत माणसे मात्र उठतात. मी तुझ्या वयाचा असताना एका भांडणात खरी साक्ष दिली होती. माझा डावा कान तेव्हापासून ऐकत नाही. तुला आजवर सांगितले की तो तापाने गेला.

अब्दुल गनी


महागाव, ५ जानेवारी १९५९

मामूजान, सलाम.

घड्याळ पोहोचले. हे पत्र वामनरावांना न दाखवता टाकत आहे. इतके सुंदर यंत्र मी हातात कधी घेतले नव्हते. काळी तबकडी, रेडियमचे आकडे, आणि बटण दाबल्यावर काटा निघतो तो जरासुद्धा थरथरत नाही.

तुमची क्षमा मागून एक गोष्ट कळवतो. सगळ्यांच्या देखत तुमचे नाव खराब होऊ नये म्हणून मी ते आधी घरीच तपासले. सकाळी आठ वाजता घंगाळात ठेवले, साडेआठला काढले, तर काचेच्या आत वाफ धरली होती. झाकण उघडले. यंत्राला पाणी पोहोचले नव्हते, पण झाकणाखालचा वॉशरच नव्हता. साफ करताना तुमच्याकडून बसवायचा राहिला असावा. घाईत असे होते.

यंत्र पूर्ण सुकवले. सायकलच्या नव्या ट्यूबमधून वॉशर कापला. पहिले दोन जाड झाले, झाकण बसेना. तिसरा बारीक झिरो पॉलिशपेपरवर घासून पातळ केला आणि व्हॅसलीन लावून बसवला. नंतर तीन दिवस, रोज सकाळपासून दुपारच्या जोहरच्या नमाजपर्यंत, पाण्यात ठेवून पाहिले. वाफ नाही. काल वामनराव आणि दोन्ही काठांचे वडीलधारे यांच्या देखत बुडवले. सगळे खूश झाले. वामनरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता कोनी बोट दाखवू शकत नाही. फकिरा दोन मिनटं दहा बसून राह्यला. यंदा त घड्याळच आपल्या बाजूनं बोलनार."

भावसिंग किती बसतो हे त्यांनी विचारलेले दिसत नाही.

तुमचा भाचा,
कय्युम


मुंबई, ९ जानेवारी १९५९

कय्युम,

वॉशर राहिला नव्हता. मी काढून ठेवला होता. सगळ्यांच्या देखत वाफ धरली असती, तहसीलदाराने पैज बंद केली असती आणि तू त्या पाण्यात उतरला नसतास. चाळीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदा चांगले घड्याळ जाणूनबुजून बिघडवले, आणि तू ते दुरुस्त केलेस. शहाण्या, तुला इतके चांगले काम कोणी शिकवले? मीच.

अजून वेळ आहे. वॉशर काढ. झाकण अर्धा आटा ढिले ठेव. पाण्यात पाय ठेवण्यापूर्वी सगळ्यांना वाफ दाखव आणि घरी जा. जोहराबीची शपथ आहे तुला.

अब्दुल गनी


पुसद, सरकारी दवाखाना, ४ फेब्रुवारी १९५९

मामूजान, सलाम.

मला अजून उठून बसता येत नाही, म्हणून मी सांगतो आहे आणि अनवरी लिहिते आहे. काही चुकले तर ते तिचे समजावे; मी तिला अक्षर अन् अक्षर सांगत आहे.

तुमचे पत्र १३ तारखेला मिळाले. मी झाकण उघडले आणि चिमटा वॉशरला लावला. तो निघालाही. मग मी विचार केला की पैज झाली नाही तर मागच्या वर्षीची वेळ हीच शेवटची वेळ राहील, आणि रामलाल कायमचा खोटा. मी वॉशर परत बसवला. अम्माची शपथ मोडली याबद्दल तिची क्षमा मागितली आहे. तिने अजून माफ केलेले नाही.

करीच्या दिवशी दोन्ही काठांना माणसे होती. बायका मागे ठेवल्या होत्या. लाठ्या वाळूत पुरून ठेवल्या होत्या. टोके दिसत होती. आधी फकिरा बसला. दोन मिनिटे अकरा सेकंद आणि दोन पंचमांश. मी आकडा कागदावर लिहून दोन्ही काठांच्या वडीलधाऱ्यांना दिला. मग भावसिंग बसला. दोर सैल झाला तेव्हा माझे दोन्ही हात पाण्यावर होते. दोन मिनिटे चौदा आणि एक पंचमांश.

वामनराव ओरडले, "बोल, कय्युम!"

मी मोठ्याने आकडा सांगितला. वामनराव म्हणाले, "घड्याळ पुन्हा पाह्य."

मी म्हणालो, "पाह्यलं. भावसिंग जिंकला. आन् गेल्या सालची वेळ खोटी होती. घड्याळ पाण्यानं बंद पडलतं. मी मनानं आकडा सांगतला. रामलाल खोटा नव्हता."

भावसिंग माझ्यापासून चार हातांवर होता, अजून धापा टाकत होता. तो जवळ आला, दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि मला खाली नेले. त्याचा गुडघा माझ्या छातीवर होता आणि पाठीखाली खडक होता. मी डोळे उघडे ठेवले होते. तो पाण्याखाली रडत होता की ओरडत होता ते कळले नाही. त्याच्या तोंडातून बुडबुडे येत होते. त्याच्याजवळ अजून दम होता, माझ्याजवळ नव्हता. मग वरून दगड पडू लागले. एक त्याच्या खांद्यावर बसला तरी त्याने सोडले नाही. फकिराने सुटका केली. फकिराने दातांनी भावसिंगच्या दंडाचा लचका तोडला आणि मला केसांना धरून ओढले. पाणी लाल झाले होते. दोन्ही काठांची माणसे पाण्यात उतरली होती आणि बांबू, वल्ही, विळे, जे हाती होते ते चालवत होती. फकिराचा एक कान गेला. पलीकडचे दोघे मेले, आपल्याकडचा एक. पाण्यात कोणाला कोणाचा बांबू बसला ते मी पाहिले नाही.

फकिराने मला वाळूवर टाकले आणि तो परत पाण्यात गेला. खेमसिंग आला. त्याने माझ्या मनगटावर पाय ठेवला. पोलादी पट्टा हाडात रुतला. मी उताणा होतो आणि मला सगळे दिसत होते. बांबू खेमसिंगने मारला नाही. त्याच्या हातातून तो वामनरावांनी घेतला. पहिल्या फटक्याला म्हणाले, "मीठ कोनाचं खाल्लं रे?" दुसरा आणि तिसरा फटकाही त्यांनीच मारला. त्यानंतर मला आठवत नाही. घड्याळ कोणी नेले ते माहीत नाही.

पैज आता बंद झाली. वाळूचे काय करायचे ते सरकार ठरवणार आहे. रुक्माबाई आली नाही, आणि ती यावी असे मी तिच्यासाठी काही केलेले नाही. रौशनने मात्र सांगितले की भावसिंगने तुरुंगात जाण्यापूर्वी भावाचे तेरावे पुन्हा घातले आणि नाव घेऊन घातले.

काल फौजदार जबानी घ्यायला आले. मी सांगितले, मला बुडवणारा भावसिंग, काढणारा फकिरा, मनगटावर पाय ठेवणारा खेमसिंग. ते म्हणाले, "आणि हात कोणी मोडला? गर्दीत दिसला नसेल." असे म्हणून ते लिहायचे थांबले. त्यांना नाव नको होते, हे मला कळले. मी नाव सांगितले. दोनदा सांगितले, कारण पहिल्या वेळी त्यांनी लिहिले नाही.

अनवरीचीही लेखणी इथे थांबली आहे. म्हणते, "भाईजान, हे कायले लिहितं? आपल्याले त्याच गावात राह्याचं हाय." मी तिला म्हणालो, लिही. वामनराव.

कय्युम

मामूजान, आता मी अनवरी माझ्या मनाने लिहिते. तो झोपला आहे.

डाक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले की डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे आता वळणार नाहीत. ज्या हाताने तो घड्याळ धरतो, तो हात. त्याने मला विचारले, "अनवरी, खरं सांग, डाक्टर काय म्हने?" मी सांगितले, सहा हप्त्यांत घड्याळ धरशील. तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा तसेच लिहा.